मावा पडला तर आधी मुंग्या बघा

कार्तिकात दोन दिवस ढगाळ हवा पडली की विश्रामबागच्या आमच्या गच्चीवर पावट्याला मावा आलाच म्हणून समजा. काळा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. कोवळ्या शेंड्याला आणि शेंगेच्या देठाला मोहरी चिकटवल्यासारखा.

पहिल्या वर्षी मी काय करून बसले ते आधी सांगते. कपड्याच्या पावडरीचा फेस करून भर दुपारी झाडांवर मारला. मावा मेला, पण शेजारच्या मिरचीची पानंही कडेनं करपली. त्याच धांदलीत पानांवर फिरणाऱ्या काळ्या-नारिंगी अळ्या, अगदी सुसरीच्या पिल्लासारख्या, कीड समजून चिरडून टाकल्या. त्या लेडीबर्डच्या अळ्या होत्या. माव्यावरच जगणाऱ्या!

खरं तर मला हे कळायला हवं होतं. माझं माहेर पलूसकडचं. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा पानाची खालची बाजू कापूस चिकटवल्यासारखी पांढरी झाली होती. पुढे तो आटोक्यात यायला कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडींचा मोठा हात होता. त्या असलेली पानं एका फडातून कापून दुसऱ्या फडात नेऊन लावायचे. एवढं ठाऊक असून गच्चीवर मात्र माझी अक्कल शेण खायला गेली.

आता मी आधी मुंग्या बघते. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात लेडीबर्डला हुसकून लावतात. वेल ज्या काठीवर किंवा दोरीवर चढवलाय, तिला खालच्या बाजूला दोन बोटं रुंद ग्रीसचा पट्टा लावायचा. खोडाला ग्रीस लावायचं नाही. भिंतीला टेकलेली फांदीही सोडवायची, नाहीतर मुंग्यांना तोच पूल.

मग पाणी. शेंड्यामागे डावा तळहात धरायचा, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि पानाच्या खालून धार मारायची. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. पण दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवा. माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं घालतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात ती पिल्लंही व्यायला लागतात. अगदी बरबटलेला शेंडा असेल तर मी खुडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकते.

एवढ्यानं भागलं नाही तरच निंबोळी अर्क. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवून ठेवते. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम बिया कुटून रात्रभर भिजवायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या आणि त्यात भांड्याचा लिक्विड साबण दोन-चार थेंब. उन्हात अर्काचा जोर जातो, म्हणून संध्याकाळीच फवारायचा, तोही पानाच्या खालून. उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. नव्या माणसानं आधी एका फांदीवर मारून दिवसभर वाट बघावी.

फवारण्याआधी मात्र एकदा डोळे बारीक करून बघा. फुगलेला, तपकिरी, कागदासारखा मावा दिसला तर त्याच्या आत गांधीलमाशीच्या जातीचा अगदी बारका कीटक वाढतोय. त्या फांदीला हात लावू नका.

युरियाचं म्हणाल तर तो मी बंदच केला. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात, आणि माव्याला तेच हवं असतं.

टाकीजवळच्या कुंडीत एक चवळीचा वेल आहे, त्यावरचा मावा मी मुद्दाम ठेवते. लेडीबर्डनाही खायला काहीतरी लागतंच. सासूबाई रोज विचारतात, "अगं, सगळी झाडं धुतलीस, हेच का ठेवलंस?" परवा त्यांना चष्मा लावून पानाखालचा पिवळ्या अंड्यांचा पुंजका दाखवला. तेव्हापासून त्या कुंडीजवळ कुणाला पाइप घेऊन फिरकू देत नाहीत.