वसंतात घराजवळच पक्षी-फुलांचे फोटो काढताय? मग या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला की नाशिकमध्ये सावर फुलते, मागोमाग पळस, आणि त्याच सुमाराला मला ओळखीच्या लोकांचे फोटो यायला लागतात. सोबत ठरलेला प्रश्न, "कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का बघा ना, सगळेच ब्लर येतायत." गेली कित्येक वर्षं बघतोय, कॅमेरा जवळपास कधीच बिघडलेला नसतो. चूक दुसरीकडेच असते आणि ती फोटोतच दिसते, फक्त नीट बघावं लागतं. म्हणून आधी एक काम करा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तपासू नका, तो दाबून लहान केलेला असतो, डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा सरळ कॉम्प्युटरवर टाका आणि शंभर टक्के मोठा करून बघा.

पक्षी पुसट आहे पण तो बसलाय ती फांदी धारदार आहे? मग पक्षी हलला, शटर स्पीड (फोटो टिपला जाण्याचा वेग) कमी पडला. फांदी, पानं, पक्षी सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? मग तुमचा हात हलला. पक्ष्याच्या मागचं पान किंवा पुढची काडी मस्त शार्प आणि पक्षीच तेवढा मऊ? फोकस चुकला. आणि यातलं काहीच नाही, सगळा फोटो पाण्यातून बघितल्यासारखा लिबलिबीत? ती उन्हाची वाफ आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो. चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चारींचं औषध वेगळं, पण लोक चौघींनाही "ब्लर" म्हणतात आणि मग नवीन लेन्स घ्यायला निघतात.

हात हलत असेल तर साधा हिशोब आहे, लेन्स ३०० एमएम असेल आणि सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) लहान, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांकडे असतो तसा, तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवूच नका. पण हा झाला हाताचा हिशोब, पक्ष्याचा नाही. बुलबुल, साळुंकी बसलेली असली तरी मान सारखी हलत असते, तिथे १/१००० तरी हवा, आणि फुलाभोवती भिरभिरणारा शिंजीर (सनबर्ड) धरायचा तर १/२००० किंवा त्याहून जास्त. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढतो, वाढू दे. दाणेदार पण शार्प फोटो सुधारता येतो, पुसट फोटोचं काहीच करता येत नाही. ऑटो आयएसओ लावा, वरची मर्यादा ३२०० ठेवा आणि शटरकडे लक्ष द्या. फोकस चुकत असेल तर कॅमेऱ्याला फोकसचे सगळे पॉइंट देऊन मोकळे होऊ नका, काड्यांच्या गर्दीत तो जवळची काडीच पकडणार. एकच पॉइंट घ्या, सतत फोकस करणारा मोड लावा, पॉइंट डोळ्यावर ठेवा. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असते, चांगली चालते, पण दाट झुडपात तीही गोंधळते.

आता ती वाफ. मार्चमध्ये आपल्याकडे साधारण पावणेसातला सूर्य उगवतो आणि दहा वाजेपर्यंत जमीन तापून वरची हवा थरथरायला लागते. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा मखमलाबादकडच्या मोकळ्या रानात साठ-सत्तर मीटरवरचा पक्षी त्या हवेतून कधीच शार्प येणार नाही, लेन्स कितीही महागाची असो. यावर सेटिंग नाहीये. लवकर जा, नाहीतर जवळ जा. सकाळी उठणं जमत नसेल तर सरळ संध्याकाळी पाचनंतर सावलीतलं आणि जवळचं काहीतरी घ्या. मला विचाराल तर उजाडतानाचा एक तास दुपारच्या चार तासांना भारी आहे.

पळसाचा लाल चिखल

ही चूक इतक्या जणांची होते की जरा थांबूनच सांगतो. पेठ रोडला, त्र्यंबकच्या बाजूला पळस फुललेला असतो, पान एक नाही, नुसता केशरी जाळ, आणि आपण गाडी थांबवून धडाधड काढतो. घरी येऊन बघावं तर फुलं म्हणजे नुसता सपाट नारिंगी डाग, पाकळीवरची ती मखमलीसारखी लव नाही, शिरा नाहीत, वाकलेल्या चोचीसारखा आकारही त्या रंगात बुडालेला. स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेड दाखवणारा आलेख) तर व्यवस्थित होता! झालेलं असं असतं की तो साधा हिस्टोग्राम उजेडाचा असतो आणि त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त. पळसात हिरवा कमी, लाल प्रचंड. त्यामुळे लाल चॅनल फुटून गेला, म्हणजे लाल रंगातले बारकावे जळून गेले, तरी तो बिचारा हिस्टोग्राम सगळं ठीक आहे असंच सांगत राहतो. मेनूमध्ये आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, लाल रंगाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. तो भिंतीपासून सुटेपर्यंत एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) खाली आणा, बहुतेक वेळा दोन तृतीयांश ते एक स्टॉप पुरतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फोटो जरा अंधारा वाटेल, वाटू दे, नंतर उजळता येतो. 'व्हिव्हिड' मोड बंद करा, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. मोबाइलवाल्यांनी फुलावर बोट ठेवायचं आणि बाजूला जो सूर्याचा छोटा आयकॉन येतो तो खाली ओढायचा, एवढंच. सावरीच्या लाल फुलालाही हेच लागू, पांगाऱ्यालाही.

पांढऱ्या बगळ्याचं पण तसंच, काळसर पाण्यावर तो हमखास जळून जातो, तिथेही एक्सपोजर खाली. उलट आकाशासमोर बसलेला कोतवाल काळाठिक्कर येतो, तिथे एक स्टॉप वर. आणि घरी निघताना ते परत शून्यावर आणायला विसरू नका, कारण दुसऱ्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी आदल्या दिवशीच्या विसरलेल्या सेटिंगच्याच असतात.

जांभळ्या शिंजीराबद्दल वेगळं सांगायला हवं. विणीच्या दिवसांत नर काळा कुळकुळीत दिसतो आणि लोक म्हणतात काळा पक्षी होता. तो काळा नाहीच. त्याच्या पिसांचा रंग पिसाच्या रचनेतून येतो, ऊन विशिष्ट कोनातून पडलं की निळा-जांभळा पेट घेतो आणि मान वळवली की विझतो. सूर्य तुमच्या पाठीशी हवा, आणि एक फोटो काढून थांबायचं नाही, तो मान फिरवेपर्यंत डोळा काढायचाच नाही.

सगळ्यात मोठी चूक, पळत सुटणं

लोक सुट्टीच्या दिवशी उठतात आणि नांदूरमधमेश्वर गाठतात, साधारण चाळीस किलोमीटर. जागा थोर आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा जलाशय, २०२० साली जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), मी स्वतः दर हिवाळ्यात जातो. पण मार्च संपत आला की हिवाळी बदकं, क्रौंच बरेचसे परतीला लागलेले असतात, दहा वाजता पोचून टळटळीत उन्हात लांबचे ठिपके काढून लोक नाराज होऊन येतात. आणि त्याच वेळी त्यांच्या कॉलनीच्या मागे सावर फुललेली असते.

मी आता वसंतात एकच झाड धरतो. घरापासून सात-आठ मिनिटांवर, मोकळ्या प्लॉटच्या कडेची काटेसावर. पहिल्या दिवशी काही मिळत नाही, खरंच नाही मिळत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वेळापत्रक कळायला लागतं. उजाडताच आधी कावळे येतात आणि त्या जाड पेल्यासारख्या फुलात अख्खी चोच बुडवतात, मग साळुंक्या भांडत येतात, मग भोरड्यांचा थवा एकदम उतरतो आणि झाड गलक्याने भरून जातं. त्यांना काही लोक पळस मैना पण म्हणतात. थवा उडाला की खार येते, दोन पायांवर उभी राहून फूल पुढच्या पायांत धरते आणि तिच्या मिशा पिवळ्या परागाने माखतात. त्या मिशांचा फोटो मला सहाव्या दिवशी मिळाला, कारण तोवर ती कोणत्या फांदीवरून येते हे माहीत झालं होतं आणि मी आधीच त्या फांदीवर फोकस लावून बसलो होतो. खालच्या फांद्या निवडा, नाहीतर सगळे फोटो पोटाचे येतात. जवळच्या गच्चीतून नजरेच्या उंचीवर झाड मिळत असेल तर त्या घरच्या काकूंना विचारा, दोन दिवसांनी फोटो दाखवा, तिसऱ्या दिवशी चहा पण मिळतो.

तांबट पक्ष्याचंही असंच. टुक टुक टुक आवाज येतोय आणि लोक आवाजाच्या दिशेने फिरतायत. तो बोलताना मान इकडे तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी इथून कधी तिथून आल्यासारखा वाटतो. आवाज सोडा, शेंड्यावरच्या निष्पर्ण काड्या बघा, सकाळच्या उन्हात तो तिथेच बसलेला असतो. आणि एकदा वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं की ते त्याचं घरटं असू शकतं, लांबूनच बघा.

आता घरट्याबद्दल, आणि इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही

शिंजीर आपल्या बाल्कनीतल्या वेलीला, वायरला, कपडे वाळत घालायच्या दोरीलाही घरटं लटकवतो. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली पिशवी, वाळक्या पानांचे तुकडे चिकटवलेले, बाजूला दार आणि दारावर छोटंसं छज्ज्यासारखं. इतकं जवळ, इतकं सुंदर, की हात शिवशिवतातच. काही वर्षांपूर्वी मी पण एका घरट्यासमोर तीन मीटरवर स्टूल टाकून बसलो होतो. मादी चोचीत किडा घेऊन समोरच्या तारेवर आली, बसली, इकडे तिकडे बघत चिवचिवली, उडाली, परत आली, परत उडाली. मला वाटलं छान पोझ देतेय. वीसेक मिनिटांनी लक्षात आलं की पिल्लं आतून ओरडतायत आणि ती माझ्यामुळे आत जात नाहीये. मी उठल्यावर अर्ध्या मिनिटात ती आत गेली. ते फोटो अजून आहेत माझ्याकडे, कोणाला दाखवत नाही.

म्हणून घरट्याचे फोटो नकोच. बाल्कनीतच असेल आणि राहवत नसेल तर आतून, खिडकीच्या काचेमागून काढा, खोलीतला दिवा बंद करून लेन्स काचेला सरळ टेकवा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. आड येणारं पान, काडी कधीच तोडू नका. ते पान एप्रिलच्या उन्हापासून पिल्लांना वाचवतं आणि कावळ्या-भारद्वाजाच्या नजरेपासून लपवतं, तुम्ही मोकळं केलेलं घरटं त्यांनाही मोकळंच दिसतं. फ्लॅश नाही, मोबाइलवर पक्ष्याचा रेकॉर्डेड आवाज लावून बोलावणं नाही, विणीच्या दिवसांत नर खायचं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो. फोटो टाकताना ठिकाण लिहू नका, लोकेशन बंद ठेवा. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं, हे पण माहीत असू दे.

संक्रांतीचा मांजा मार्च-एप्रिलपर्यंत झाडांवर लोंबत असतो. त्यात अडकलेला पक्षी दिसला तर कॅमेरा ठेवा, मांजा ओढू नका, ओढला की तो अजून खोल रुततो. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथे किंवा जवळच्या पक्षीमित्रांना फोन करा. द्राक्षबागेत विचारल्याशिवाय शिरू नका, फवारणीच्या दिवशी तर नाहीच. आणि पहाटे अंधारात उसाच्या कडेने एकट्याने फिरू नका, आपल्याकडे बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाहीये.

मोबाइलवाल्यांची मुख्य चूक म्हणजे बोटाने झूम. त्याने पक्षी जवळ येत नाही, फक्त फोटो फुटतो. मोबाइलने पक्ष्यामागे लागण्यापेक्षा लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत बघा, पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं असेल, ती फुलपाखराची अळी असू शकते, मोठी झाली की हिरवी होते. रोज एक फोटो, त्याच कोनातून. फुलपाखरू सकाळी गार असताना पंख पसरून ऊन खात बसतं, तेव्हा फोन पंखांना समांतर धरा, तिरका धरला तर एकच पंख शार्प येतो कारण इतक्या जवळून फोकसची जाडी काही मिलिमीटरच असते. त्याआधी लेन्स शर्टाने नाही, स्वच्छ मऊ कापडाने पुसा, धुरकट फोटोंचं निम्मं कारण बोटाचा तेलकटपणा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतं पण फोटो शार्प येतो, असं होत असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक फिरलंय, आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. कार्ड लिहून घेत नसेल तर त्याच्या बाजूची बारीक कळ लॉकवर सरकलीय का बघा, दुकानात जायच्या आधी.

आणि ते सावरीचं झाड फुलं गळली म्हणून सोडू नका. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटतात आणि कापूस सुटतो. तेव्हा मात्र सूर्य पाठीशी नाही, समोर ठेवा, झाडाच्या आड धरून, मागे गडद भिंत किंवा दाट सावली येईल असं उभं राहा, एक्सपोजर एक स्टॉप खाली. वाऱ्याची झुळूक आली की तो कापूस एकेक धागा उजळत खाली येतो.