लसावि काढताना उभी मांडणी कुठे थांबवायची?

१८, २४ आणि ४० यांचा लसावि, म्हणजे तिघांनीही भाग जाणारी सर्वात लहान संख्या, काढू. तिन्ही संख्या एका ओळीत लिहा, डावीकडे उभी रेघ मारा. तिघांनाही २ ने भाग जातो: खाली ९, १२, २०.

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. आता तिघांचा सामाईक अवयव उरला नाही, म्हणून मुलं थांबतात आणि २ × ९ × १२ × २० = ४३२० लिहून मोकळी होतात. तिथे थांबायचं ते मसावि (सर्वात मोठा सामाईक विभाजक) काढताना. लसाविसाठी कोणत्याही दोन संख्यांना भाग जात असेल तोवर पुढे जायचं. जिला जात नाही ती जशीच्या तशी खाली उतरवायची.

२ ने: ९, ६, १०
पुन्हा २ ने: ९, ३, ५
३ ने: ३, १, ५

आता कुठल्याही जोडीत सामाईक अवयव नाही. डावीकडचे सगळे भाजक आणि शेवटची ओळ गुणा: २ × २ × २ × ३ × ३ × १ × ५ = ३६०. भाजक २, ३, ५ अशा मूळ संख्याच (ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग जात नाही) घ्या. घाईत ४ किंवा ६ ने भागलं की उत्तर फुगू शकतं.

पडताळा सोपा: ३६० ला १८, २४, ४० ने भागून २०, १५, ९ येतात. या तिघांत सामाईक अवयव निघाला, तर लसावि तेवढ्या पटीने मोठा आलाय.

२२१ आणि २९९ सारख्या अवघड जोडीचे अवयव शोधत बसू नका. मोठीला लहानीने भागा, मग भाजकाला बाकीने: बाकी ७८, ६५, १३, ०. मसावि १३. म्हणून लसावि २२१ ÷ १३ × २९९ = ५०८३. हे सूत्र दोनच संख्यांना चालतं, तिघांना लावू नका.