डांबर न वापरता अंगणातली पायवाट: इसबगोल घालून कशी करायची

झाडापासून मिळणाऱ्या डांबराची चर्चा सध्या हायवेंसाठी चालू आहे, नागपूरजवळ मनसरला NH-४४ वर डिसेंबर २०२४ मध्ये लिग्निन (वनस्पतींमधला एक चिवट घटक) मिसळलेल्या बायो-बिटुमेनच्या, म्हणजे जैव डांबराच्या, पट्ट्याचं उद्घाटन झालं. पण ते कारखान्याचं काम. घरी वापरण्यासारखं बाइंडर, म्हणजे कण चिकटवून धरणारा पदार्थ, म्हणजे इसबगोल, हो तेच पोटासाठी घेतो ते. अमेरिकेत बागांमधल्या बारीक ग्रॅनाइटच्या वाटा बांधायला त्याची भुकटी सर्रास वापरतात, आणि पीक तर आपल्या शेजारच्या गुजरात-राजस्थानातलं. भुकटी पाणी पिऊन चिकट जेल होते, कणाकणाला धरते आणि वाळली की घट्ट बसते. पुन्हा भिजली की परत चिकटते, म्हणून बारीक भेगा पावसाने आपोआप भरतात, डांबरात हे होत नाही आणि मला हेच सगळ्यात आवडतं.

काम दिवाळीनंतर काढा, वाळायला कोरडे दिवस लागतात. १० मीटर लांब, १ मीटर रुंद वाट धरू. १७-१८ सेंमी खणा, खाली १० सेंमी खडी-मुरूम दाबून घ्या, कडेला विटा लावा आणि एका बाजूला हलका उतार ठेवा. वर ७-८ सेंमीचा थर, त्याला साधारण दीड टन क्रशरची कच लागेल, १० मिमीच्या खड्यांपासून पार दगडाच्या भुकटीपर्यंत सगळं मिसळलेली. या वरच्या थरात मातकट लाल मुरूम नको, पावसात निसरडा होतो.

टनाला ६ ते ८ किलो इसबगोलाची भुकटी, म्हणजे आपल्याला दहा-अकरा किलो (साखर, फ्लेवर घातलेली औषधाची पाकिटं नकोत). आता नीट ऐका, मिश्रण कोरडंच करायचं, मिक्सरमध्ये किंवा फावड्याने चार-पाचदा उलथापालथ करून, कारण आधी पाणी घातलं की गोळे होतात आणि मग ते कशानेच फुटत नाहीत. मग पसरा, सारखं करा, बारीक फवाऱ्याने थांबत थांबत पाणी मारा, टनाला १०० ते १८० लिटर, आणि एका जागी खणून तळापर्यंत ओल गेली का ते बघा. वरच ओलं झालं तर नुसता पापुद्रा धरेल.

सहा तासांनी हात लावून बघा, चिकटत असेल तर थांबा, कधी दोन-तीन दिवसही लागतात. मग क्रिकेटच्या पिचवर फिरवतात तसला साधा रोलर फिरवा, कडांना धुमस मारा. व्हायब्रेटर अजिबात नको, त्याने मोठी खडी आणि बारीक कच वेगळी होते. पूर्ण वाळेपर्यंत कुणाला चालू देऊ नका.

पागोळ्यांखाली, तीव्र चढावर किंवा कोकणात जिथून पावसाचं पाणी वाहतं तिथे हे करू नका, वाहून जाईल. गाडी रोज वळवायची असेल तरी नको. वरचे थोडे कण सुटणारच. खड्डा पडला तर तेवढंच खरवडून ओलं करा, थोडं नवीन मिश्रण भिजवून भरा आणि धुमसाने ठोका.