इंग्लंडच्या यादवी युद्धातला प्युरिटन जमीनदार समजून घ्यायचाय? हार्ले कुटुंबापासून सुरुवात करा

इंग्लंडचं यादवी युद्ध, म्हणजे 1640 च्या दशकातली राजा विरुद्ध पार्लमेंट लढाई म्हटलं की सगळे थेट पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेलकडे वळतात, पण गावाकडे जमीनजुमला, लंडनला खासदारकी आणि डोक्यात सतत धर्म असा माणूस तेव्हा कसा जगत होता हे बघायचं असेल तर सर रॉबर्ट हार्ले घ्या. ते प्युरिटन, म्हणजे चर्चमधले मूर्ती-विधी काढून धर्म साधा, कडक करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांपैकी. वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशरमधलं ब्रॅम्प्टन ब्रायन हे त्यांचं गाव, आजूबाजूचे बहुतेक बडे लोक राजाच्या बाजूचे आणि हे पार्लमेंटचे.

आधी एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा, एका बाजूला लंडन आणि दुसऱ्या बाजूला घर, आणि फक्त 1643 साल भरा. एप्रिलमध्ये चर्चमधल्या मूर्ती, क्रॉस वगैरे हटवायची कमिटी हार्लेंच्या हाती आली, मे महिन्यात लंडनच्या रस्त्यावरचा चीपसाइड क्रॉस, म्हणजे मूर्ती असलेला क्रॉसचा उंच स्तंभ पाडला. आता घराची बाजू बघा, जुलैच्या शेवटी राजाच्या फौजेने त्यांच्याच किल्ल्याला वेढा घातला आणि आत होती बायको ब्रिलियाना, लहान मुलं, नोकरचाकर. सुमारे सात आठवडे तिने किल्ला लढवला, वेढा उठला, आणि ऑक्टोबरमध्ये ती आजारपणात गेली. नवरा तेव्हा लंडनलाच होता. नुसतं पार्लमेंटचं कामकाज वाचत बसलात तर हे काहीच कळणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, आधी ब्रिलियानाची पत्रं वाचा. मोठा मुलगा एडवर्ड, म्हणजे तिचा नेड, ऑक्सफर्डला शिकायला गेला तेव्हापासूनची बहुतेक आहेत, 1854 मध्ये छापली गेली, नेटवर फुकट मिळतात. स्पेलिंग भयंकर आहे पण मोठ्याने वाचलं की लागतं. तब्येतीची चौकशी, घरून पाठवलेलं खाणं, आणि मधेच शेजारी आता कसे शत्रू झालेत ते. एका पत्रासाठी तर तिने कापून भोकं पाडलेला कागद वापरलाय, तो पत्रावर खुणेच्या जागी टाचणीने लावायचा आणि भोकांतून दिसेल तेवढंच वाचायचं, बाकी मजकूर नुसता भरताड!

तारखा जपून लावा. तिकडे तेव्हा नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी 1642 लिहिलेलं पत्र आपल्या हिशोबाने 1643 चं असतं. शिवजयंती तारखेने की तिथीने हा वाद ऐकत मोठे झालेल्यांना हे पटकन कळेल.

मग कॉमन्सची, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाची जर्नल्स (रोजच्या कामकाजाची नोंद) उघडा, तीही ऑनलाइन आहेत. पण एक चूक टाळा, प्युरिटन म्हणजे राजाचं डोकं उडवायला निघालेला असं धरून चालू नका. डिसेंबर 1648 मध्ये हार्ले राजाशी तडजोड करावी या मताचे होते, म्हणून पार्लमेंटच्याच लष्कराने त्यांना आणि एडवर्डला पकडलं. पुढे 1649 मध्ये टांकसाळीचे प्रमुख असताना राजाला मारल्यावर आलेल्या प्रजासत्ताकाच्या छापाची नाणी पाडायला त्यांनी नकार दिला आणि ते पदही गेलं.