तीन पडदे, एकच फाईल

कार्यक्रमात एकापेक्षा जास्त पडद्यांवर व्हिडिओ चालवायचा असेल, तर लॅपटॉप घेण्याआधी एक प्रश्न सोडवा: सगळ्या पडद्यांवर एकच दृश्य हवंय की वेगवेगळं? एकच हवं असेल तर साधा एचडीएमआय स्प्लिटर (एकच सिग्नल अनेक पडद्यांना वाटणारी डबी) पुरतो, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

वेगवेगळं हवं असेल तर तीन स्वतंत्र फाईली एकाच वेळी सुरू करायच्या भानगडीत पडू नका. १९२० × १०८० पिक्सेलचे तीन पडदे शेजारी धरून ५७६० × १०८० ची एकच फाईल बनवा. चित्रं मग आपसांत मागेपुढे होण्याचा प्रश्नच उरत नाही.

ही फाईल तीन पडद्यांवर वाटून चालवायला सॉफ्टवेअर लागतं: मॅक असेल तर क्यूलॅब किंवा मिलुमिन, विंडोज असेल तर रेझोल्यूम अरिना. पण माझ्या मते सॉफ्टवेअरपेक्षा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत, जास्त महत्त्वाचा. एच.२६४ ची फाईल लहान असते, मात्र त्यातल्या बहुतेक फ्रेम्स इतर फ्रेम्सच्या आधाराने उलगडाव्या लागतात. म्हणून मध्येच उडी मारली की अडखळते. हॅप हा दुसरा कोडेक फ्रेम्स उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डवर टाकतो. फाईली मात्र अवाढव्य होतात, तेव्हा एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान ड्राइव्ह, हवीच.

मशीन किती बाह्य पडदे चालवतं हेही तपासा; साध्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे एकच जमतो.

आणि प्रत्येक आउटपुटला ईडीआयडी एम्युलेटर, म्हणजे पडदा जोडलेलाच आहे असं संगणकाला भासवणारं छोटं उपकरण, लावाच. हे कळकळीनं सांगतोय. केबल क्षणभर सैल झाली की संगणकाला वाटतं पडदा गेला, आणि तो सगळी मांडणी बदलून टाकतो, तीही प्रेक्षकांसमोर.