शिकवणी शोधताना या चुका टाळा

निकाल हातात पडतो आणि त्याच संध्याकाळी ओळखीच्यांना फोन सुरू होतात, "तुमचा मुलगा कुठे जातो हो शिकवणीला?" आठवड्याच्या आत कुठल्यातरी बॅचमध्ये नाव घातलेलं असतं. ही घाईच सगळ्यांत महागात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

दुखणं न शोधता शिक्षक शोधणं

आठवीतली मुलगी बीजगणितात मागे पडते. पालक बीजगणित चांगलं शिकवणारे सर शोधतात. सर समीकरणांपासून सुरुवात करतात, वही भरते, पण पुढच्या परीक्षेत गुण तेवढेच. मग क्लास बदलतो, तिथेही पुन्हा समीकरणंच. वर्ष संपतं आणि सगळे म्हणतात, "हिला गणित जमतच नाही."

आता तिची उत्तरपत्रिका नीट पाहा. ७ − (क्ष − ३) = ४ हे सोडवताना तिने कंस काढून ७ − क्ष − ३ = ४ लिहिलंय आणि उत्तर काढलंय ०. बरोबर उत्तर ६. पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक आहेत, म्हणजे समीकरण सोडवायची रीत तिला येते. कंसाबाहेर वजा असला की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, एवढंच पक्कं झालेलं नाही. तिला जे येत होतं तेच दोन्ही क्लासनी पुन्हा शिकवलं, आणि मधल्या काळात मुलीचा स्वतःवरचा विश्वास गेला. हे नुकसान फीपेक्षा मोठं आहे.

म्हणून कोणालाही फोन करण्याआधी एक संध्याकाळ द्या. शेवटच्या तीन उत्तरपत्रिका काढा आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: मुळात कळलेलं नाही, कळलंय पण करताना चुकलं, किंवा वेळ संपला. 'वेळ संपला'ची यादी लांब असेल तर शिकवणीने फारसं काही होणार नाही; घड्याळ लावून घरी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं हाच उपाय. 'कळलेलं नाही'ची यादी लांब असेल तर त्याच विषयातली एक इयत्ता खालची दहा उदाहरणं मुलाला मदतीशिवाय सोडवू द्या. आठ बरोबर आली नाहीत तर आणखी एक इयत्ता खाली जा. जिथे आठ येतात, त्याच्या लगेच वरून शिकवणी सुरू व्हायला हवी.

शाब्दिक उदाहरणांतच अडत असेल तर प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि काय विचारलंय ते स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगा. सांगता आलं नाही तर अडचण वाचनाची आहे आणि गणिताचे सर बदलून ती सुटणार नाही.

सापडलेलं एका चिठ्ठीवर नेमकं लिहा. "गणित कच्चं आहे" असं नको; "छेद वेगळे असले तरी वर वर आणि खाली खाली बेरीज करतो, १/२ + १/३ = २/५ लिहितो" असं. चिठ्ठी वाचून जे शिक्षक उत्तरपत्रिका मागतात, त्यांच्याशी पुढचं बोला. "आमच्याकडे सगळं आपोआप होतं" म्हणणाऱ्यांना नमस्कार करून निघा.

"छान समजावतात" यावर भुलणं

पहिल्या तासानंतर मुलाला विचारलं तर तो "समजलं" असंच म्हणणार. समोर कोणी उदाहरण सोडवत असेल तेव्हा सगळंच सोपं वाटतं. म्हणून त्या दिवशी काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी वही मिटून, कोऱ्या कागदावर त्याच प्रकारची, आकडे बदललेली तीन उदाहरणं द्या. दोन सुटली तर तास कामाचा झाला.

शक्य असेल तर पहिल्या तासाला मागे बसा आणि पेन कोणाच्या हातात जास्त वेळ आहे ते पाहा. मुलाच्या हातात निम्म्याहून कमी वेळ असेल तर ते व्याख्यान झालं, आणि तेवढं शाळेत मिळतंच. उत्तर चुकल्यावर शिक्षक लगेच बरोबर उत्तर सांगतात की "हे कसं काढलंस?" असं विचारतात, हेही पाहा. निवड करताना हा एकच प्रश्न पुरेसा आहे, असं माझं ठाम मत आहे.

एकास एक शिकवणीच्या बाजूने अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४च्या लेखाचा दाखला अनेकदा दिला जातो: अशा शिकवणीतला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. पण तिथे प्रत्येक घटकानंतर चाचणी होती आणि चुका दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा घटक नव्हता. पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा दिसलेलाही नाही. चाचणी आणि दुरुस्ती नसेल तर एकट्याला शिकवण्याचा अर्धा फायदा गेला. तीन-चार मुलांची, एकाच पातळीची बॅच त्याहून बरी.

थोडक्यात सांगता येणाऱ्या

पहिल्या आलेल्या मुलांवरून क्लास निवडू नका. तुमच्या मुलाएवढेच गुण असलेल्या दोन मुलांच्या पालकांशी बोला.

नाव एकाचं आणि शिकवणारे दुसरेच, असं होतं. रोज वर्गात कोण उभं राहणार, हे आधीच विचारा.

लांबचा नामांकित क्लास टाळा. रोजचा तासभर प्रवास अभ्यासाच्या वेळेतूनच जातो.

आठवड्यातून एकदा तीन तासांपेक्षा तीनदा एक तास चांगला. मधल्या दिवसांत विसरलेलं लगेच लक्षात येतं.

शिकवणीत शाळेचा गृहपाठ उरकला जात असेल तर तुम्ही गृहपाठ लिहून घेण्याचे पैसे देताय.

एकाच विषयाला दोन शिकवण्या नकोत. दोन रीतींत मूल गोंधळतं.

घरी येऊन शिकवणार असतील तर तास घरातल्या वावराच्या खोलीत, दार उघडं ठेवून. ओळख कितीही जुनी असो, यात तडजोड नको.

वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याच्या बोलीवर सुरुवात करा. सहा आठवड्यांनी ती खालच्या इयत्तेची चाचणी नव्या आकड्यांनी पुन्हा घ्या. दहापैकी बरोबर उत्तरं दोननेही वाढली नसतील तर चिठ्ठी घेऊन शिक्षकांशी बोला, आणखी महिना द्या, तरीही तसंच राहिलं तर थांबवा. दोन आठवड्यांत गुण दिसले नाहीत म्हणून मात्र क्लास बदलू नका, कारण मागचं भरून निघेपर्यंत शाळेच्या परीक्षेत फरक दिसत नाही. आणि चाचणीत सलग दोनदा नऊ-दहा आली की शिकवणी बंद करायलाही हरकत नाही.