युरोपच्या सहलीत पदरी निराशा पडू नये, म्हणून या चुका टाळा

महाराष्ट्रातून युरोपला निघणारे कुटुंब साधारणपणे बरेच आधीपासून पैसे बाजूला काढते, व्हिसासाठी कागदपत्रांची जुळवाजुळव करते आणि दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश बसवते. अशा सहलीत अर्धा दिवस वाया जाणे ही लहान गोष्ट नसते. तरीही परत आलेल्यांच्या तोंडी ‘एवढे नाव ऐकले होते, आणि प्रत्यक्षात एवढेच?’ हे वाक्य हमखास येते. या तक्रारीमागे दोन वेगळी कारणे असतात आणि त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतो. काही ठिकाणे खरोखरच ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ या प्रकारची आहेत. ती निर्धास्तपणे गाळावीत. इतर अनेक ठिकाणे मात्र अस्सल आणि थोर आहेत, पण आपण तिथे चुकीच्या वेळी, चुकीची अपेक्षा घेऊन किंवा फारच थोडा वेळ हाताशी ठेवून जातो. तिथे दोष आखणीचा असतो, आणि आखणी आपल्या हातात असते.

लूव्रमध्ये फक्त मोनालिसा पाहणे

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाबद्दलची नाराजी सर्वाधिक ऐकू येते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मोनालिसाचे चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेले हे चित्र बुलेटप्रूफ काचेमागे असते, काचेपुढे बऱ्याच अंतरावर कठडा असतो आणि कठड्याशी मोबाइल उंच धरलेल्या हातांची दाटी असते. रांग सरकत पुढे पोहोचली की तिथे क्षणभरच उभे राहायला मिळते, आणि त्या क्षणीही बहुतेक जण चित्राकडे पाठ करून सेल्फी घेतात. ओठांच्या आणि डोळ्यांच्या कडा धूसर ठेवून हसू अर्धवट सोडण्याचे लिओनार्दोचे कसब एवढ्या अंतरावरून आणि एवढ्या घाईत दिसणे शक्यच नसते.

याला उपाय त्याच दालनात आहे. मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर पाओलो व्हेरोनेसे याचे काना गावच्या लग्नाचे चित्र आहे. १५६३ साली पूर्ण झालेले हे चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच असून लूव्रमधील चित्रांत ते सर्वांत मोठे आहे. ते मूळचे व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहातले. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते फ्रान्सला नेले. पाण्याचे मद्य झाल्याचा येशूचा चमत्कार हा त्याचा विषय आहे, पण पंगतीतील शंभराहून अधिक माणसांत तो चमत्कार शोधावा लागतो. येशू अगदी मध्यभागी शांत बसलेला आहे, त्याच्या पुढ्यात वादक आपल्या वाद्यांत रमलेले आहेत आणि उजव्या कोपऱ्यात एक सेवक मोठ्या रांजणातून मद्य ओतून घेतो आहे. या चित्रापुढे गर्दी नसते, कारण सगळी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. लिओनार्दोच पाहायचा असेल, तर शेजारच्या लांबलचक दालनात त्याची आणखी चित्रे आहेत आणि त्यांच्यासमोर निवांत उभे राहता येते. संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि बुधवारी व शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. संध्याकाळची वेळ आरक्षित केली, तर सहलींच्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात.

देखावा संपला की पाठ फिरवणे

प्रागच्या जुन्या नगरचौकातील खगोलीय घड्याळाखाली दर तासाला मोठा जमाव जमतो. वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूच्या बारा शिष्यांच्या, म्हणजे प्रेषितांच्या, मूर्ती एकामागून एक सरकतात, हाडांचा सापळा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो, आणि हे सारे मिनिटभरात आटोपते. सगळ्यांच्या माना वर असताना खिसेकापूंचे फावते, तेवढी काळजी घ्यावी. ‘यासाठी अर्धा तास उन्हात उभे राहिलो का?’ असे म्हणत लोक पांगतात. वास्तविक प्रेषितांचा देखावा ही मागाहून पडलेली भर आहे. १४१० सालचे मूळ घड्याळ खिडक्यांच्या लगेच खालच्या मोठ्या तबकडीत आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

मराठी वाचकाला तर ही तबकडी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बाहेरच्या काळ्या कड्यावरील सोनेरी आकडे जुनी चेक वेळ दाखवतात, जिच्यात दिवसाचे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजले जात. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजत, हे ठाऊक असणाऱ्याला तिचे तर्कशास्त्र लगेच उमगते. आतल्या रोमन आकड्यांवर नेहमीची वेळ कळते. निळा भाग दिवसाचा, काळा रात्रीचा आणि मधला तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा असून सोनेरी सूर्य त्यांवरून फिरतो. चंद्राचा गोळा अर्धा काळा आणि अर्धा रुपेरी असून तो स्वतःभोवती वळत कला दाखवतो. राशींचे चक्र सायन (वसंतसंपातापासून मोजलेले) असल्यामुळे आपल्या निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजणाऱ्या) पंचांगापेक्षा सूर्य महिन्यातील बहुतेक दिवस एक रास पुढे दिसतो. म्हणून ठोक्याला न जाता तास उलटून दहा मिनिटांनी जावे. जमाव पांगलेला असतो आणि तबकडी वाचायला पुरेसा वेळ मिळतो.

आकार आणि अस्सलपणा आधी न तपासणे

ब्रुसेल्समधील लघवी करणाऱ्या मुलाचा पुतळा, म्हणजे मानेकन पिस, जेमतेम ५५ सेंटिमीटर उंच आहे, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसतो तोही नकलेचा. मूळ पुतळा जवळच्याच ग्रॅन्ड प्लास चौकातील नगर संग्रहालयात आहे. कोपनहेगनची ‘लिटल मर्मेड’ सव्वा मीटरची आहे. १९१३ पासून ती बंदराच्या काठावरील खडकावर बसलेली आहे आणि तिच्या मागे पाण्यापलीकडे औद्योगिक भाग दिसतो. या दोन्हींसाठी वेगळा वेळ काढू नये. वाटेत लागल्या तर थांबावे, एवढीच त्यांची पात्रता आहे. ग्रॅन्ड प्लास चौकात मात्र दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, असे दोनदा जावे.

बर्लिनच्या चेकपॉइंट चार्लीबद्दल, म्हणजे शहर भिंतीने पूर्व-पश्चिम विभागलेले असतानाच्या सीमेवरील तपासणी चौकीबद्दल, मला अधिक कळकळीने सांगावेसे वाटते, कारण तिथे निराशेबरोबर इतिहासही हातचा जातो. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे याच जागी समोरासमोर उभे ठाकले होते. आज मात्र रहदारीच्या रस्त्यात उभी असलेली चौकी ही प्रतिकृती आहे. मूळ खोली १९९० मध्येच हलवण्यात आली आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संग्रहालयात आहे. भोवताली खाण्याची आणि आठवणवस्तूंची दुकाने आहेत. भिंतीने शहराचे काय केले हे समजून घ्यायचे असेल, तर बेर्नाउअर स्ट्रासेवरील स्मारकात जावे. सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा हा पट्टा विनामूल्य पाहता येतो. तिथे दोन भिंती, त्यांच्यामधली मोकळी मृत्युपट्टी आणि टेहळणीचा मनोरा असा सीमेचा एक तुकडा पाहायला मिळतो आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून तो एका नजरेत दिसतो. या रस्त्यावर घरे पूर्वेत आणि दारापुढचा पदपथ पश्चिमेत होता. १९६१ मध्ये लोकांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या आणि काहींना त्यात प्राण गमवावे लागले. चौकीजवळ फोटो काढून परतलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

इटलीतल्या व्हेरोनातील ज्युलिएटचा सज्जा तर शेक्सपिअरच्या नाटकातल्या पात्रासाठी विसाव्या शतकात भिंतीला जोडलेला आहे. तिथे रांगेत उभे राहण्याऐवजी पहिल्या शतकातील रोमन रंगमंडलात जावे.

व्हेनिसला दुपारच्या चार तासांत उरकणे

अनेक सहलींत मुक्काम मुख्य भूमीवरील मेस्त्रे भागात असतो, सकाळी उशिरा बोटीने व्हेनिसला नेतात आणि संध्याकाळी परत आणतात, म्हणजे शहर सर्वाधिक भरलेले असते नेमक्या त्याच वेळात. मग ‘व्हेनिस म्हणजे नुसती गर्दी’ असे वाटले तर नवल नाही. स्वतः आखणी करणाऱ्यांनी एक रात्र तरी बेटावरच राहावे आणि सकाळी सातच्या आत सान मार्को चौकात जावे.

गोंडोलाचा दर महापालिका ठरवते: दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११० युरो. हे पैसे नावेचे असतात, माणशी नसतात, आणि नावेत पाच जण बसू शकतात. बसण्याआधी दर आणि वेळ स्पष्ट करून घ्यावी. नुसता गोंडोलाचा अनुभव हवा असेल, तर ग्रॅन्ड कॅनॉल ओलांडणारी ‘त्राघेत्तो’ नाव दोन युरोंत पलीकडे पोहोचवते. दोन्ही काठांवरचे वाडे पाहायचे असतील, तर १ क्रमांकाच्या प्रवासी बोटीत पुढच्या बाजूला जागा धरावी.

स्वित्झर्लंडमध्ये हवामान गृहीत धरणे

युंगफ्राउयोख ही आल्प्समधील खिंड ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि तिथपर्यंत जाणाऱ्या रेल्वेचे तिकीट महाग आहे. वर ढग असतील, तर आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी समोर असूनही पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसत नाही. त्यामुळे त्या भागात दोन-तीन दिवस राहणाऱ्यांनी दिवस आधी पक्का करू नये. सकाळी तिथल्या वेबकॅमचे चित्र पाहून निर्णय घ्यावा. ढग असतील तर खालच्या लाउटरब्रुनेन दरीत जावे. तिथे ट्रुमेलबाखचे दहा धबधबे डोंगराच्या पोटातून कोसळतात आणि त्यांना ढगांची अडचण नसते.

राइन धबधब्याबाबत अपेक्षा बदलावी लागते. पावसाळ्यात ठोसेघर पाहिलेल्या माणसाला २३ मीटरची उंची किरकोळ वाटणारच. पण त्याचे वैशिष्ट्य १५० मीटर रुंदीच्या पात्रातून एकाच वेळी झेपावणाऱ्या पाण्यात आहे. बर्फ वितळल्यामुळे जून-जुलैमध्ये पाणी सर्वाधिक असते. समोरच्या काठावरून लांबून न पाहता लाउफेन किल्ल्याच्या बाजूने खालच्या सज्जापर्यंत उतरावे, म्हणजे पाण्याचा हादरा पायाखाली जाणवतो.

कार्यक्रमपत्रिका न वाचता पैसे भरणे

सामूहिक सहलीने जाणाऱ्यांच्या हातात वेळ नसतो, पण पैसे भरण्याआधी प्रश्न विचारणे नक्कीच असते. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे गाडीतून उतरून दहा-पंधरा मिनिटे, ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे तिकीट नाही आणि ‘पॅनोरॅमिक टूर’ म्हणजे बहुधा बसच्या काचेतून, हे लक्षात ठेवून प्रत्येक ठिकाणापुढे ‘आत प्रवेश आहे का आणि किती वेळ?’ हे लिहून मागावे. पिसाच्या झुकत्या मनोऱ्याबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बहुतेकांना हिरवळीवर उभे राहून मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो तेवढा मिळतो, तर शेजारच्या बाप्तिस्मागृहातील निकोला पिसानोने १२६० मध्ये घडवलेले संगमरवरी व्यासपीठ पाहायचेच राहून जाते. मनोऱ्यावर चढण्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि आठ वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत. लहान मुले बरोबर असतील, तर त्या वेळात त्यांच्याजवळ कोण थांबणार हे घरूनच ठरवून निघावे.